दुष्काळी पट्ट्यातील ओढ्याकाठी एक रात्र: कोल्हापूरहून गाडी घेऊन प्रथमच निघणाऱ्यांसाठी

कोल्हापूरकराला पुराची ओळख लहानपणापासून असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ फुटांवर आली की धोका पातळी, आणि या दोन आकड्यांच्या दरम्यान जनावरे हलवायला, सामान माळ्यावर चढवायला बहुधा अवधी मिळतो. नदी इंचाइंचाने चढते, तिची बातमी तासातासाला येते आणि त्यामुळे पाण्याचा एक अंदाज आपल्या अंगवळणी पडलेला असतो. मिरजेच्या पूर्वेला कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या भागात मुक्कामाला जाताना हा अंदाज घरी ठेवून जावे लागते. तिथला ओढा वर्षातील बहुतेक दिवस कोरडा असतो, पाऊस झाला की एका तासात दुथडी भरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुडघाभर होतो. तो येताना कोणतीही पातळी जाहीर करत नाही. म्हणून या लेखात गाडीपेक्षा जमिनीविषयी आणि पाण्याविषयी अधिक लिहिले आहे. गाडी चालवणे आठवड्याभरात शिकता येते, ओढा वाचायला मात्र मुद्दाम लक्ष द्यावे लागते.

केव्हा निघावे

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जत आणि आटपाडी या तालुक्यांत तो साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्यातही महत्त्वाची गोष्ट अशी, की या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील पावसाचा मोठा वाटा परतीच्या काळात, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, विजांच्या कडकडाटासह पडतो. कोल्हापुरात आकाश निवळून ऊन पडलेले असते तेव्हाच तिकडे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांचा पाऊस सुरू असतो. ऑक्टोबर २०२० च्या मध्यावर बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने सोलापूर, पंढरपूर आणि सांगलीच्या पूर्व भागात जो हाहाकार उडवला, तो याच काळातला होता.

त्यामुळे नवख्यांनी दसऱ्याच्या सुट्टीचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रा नक्षत्र सरून स्वाती उतरणीला लागली की, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, ओढ्याला स्वच्छ वाहते पाणी असते, माळावरचे गवत सोनेरी झालेले असते, रात्री अंगावर पांघरूण घ्यावेसे वाटते आणि वादळी पावसाची शक्यता बरीच कमी झालेली असते. डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक ओढ्यांत डोहांपुरतेच पाणी उरते. नोव्हेंबरातही बंगालच्या उपसागरात वादळे होतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे ॲप फोनमध्ये असू द्यावे. अंदाज पाहताना आपण जिथे राहणार त्या गावाचा तर पाहावाच, शिवाय ओढा जिथून येतो त्या वरच्या गावांचाही पाहावा.

ओढा निवडणे आणि विचारणे

मिरजेहून सोलापूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नागज फाट्यावर गुहागर-विजापूर रस्त्याला छेदतो. तिथून दक्षिणेला वळल्यास जत आणि उत्तरेला वळल्यास भिवघाटमार्गे आटपाडी. माण, अग्रणी आणि बोर या नद्यांना मिळणारे असंख्य लहान ओढे या दोन्ही दिशांना आहेत. पहिल्या खेपेला डांबरी रस्त्यापासून दोन-तीन किलोमीटरपेक्षा आत जाऊ नये आणि शक्य असल्यास असा ओढा निवडावा, की ज्याच्या दोन्ही काठांवर मुरमाड माळ आहे. उपग्रह नकाशावर हे सहज ओळखता येते: काळी शेते गडद दिसतात, माळ तांबूस-फिकट दिसतो आणि ओढा बाभळी-करंजांच्या हिरव्या रेघेने कळतो. नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवावा, कारण खोलगट भागात फोनला रेंज मिळेलच असे नाही.

नकाशावर आणखी दोन गोष्टींची खूण करावी. पहिली म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यात यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून ठेवलेले असतात आणि पाऊस ओसरला की पुन्हा बसवले जातात. बर्गे बसल्यावर वरच्या बाजूला पाणी तुंबते आणि गेल्या महिन्यात जिथून गाडी गेली असेल तिथे आता गाळ आणि छातीभर पाणी असू शकते. दुसरी गोष्ट उपसा सिंचनाची. टेंभू आणि म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी उचलून या दुष्काळी तालुक्यांत नेले आहे आणि आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना ते पाणी काही ठिकाणी कालव्यांबरोबरच ओढ्यांतून आणि नद्यांतूनही सोडले जाते. म्हणजे आकाशात ढगाचा ठिपका नसतानाही ओढ्याचे पाणी चढू शकते. हवामानाच्या कोणत्याही अंदाजात ही गोष्ट दिसत नाही; ती फक्त गावात विचारूनच कळते. “आवर्तन चालू आहे का, आणि या ओढ्याला पाणी सोडतात का?” हा प्रश्न पहिल्याच शेतकऱ्याला विचारावा.

परवानगीचा विषय अनेकजण शेवटी ठेवतात. तो सुरुवातीला घ्यावा. खासगी रान असेल तर मालकाला, गायरान असेल तर ग्रामपंचायतीत विचारावे. वनविभागाची जमीन असेल तर विभागाच्या परवानगीविना तिथे मुक्काम करू नये. त्याशिवाय गावच्या पोलीस पाटलांना गाडीचे क्रमांक आणि माणसांची संख्या सांगून ठेवावी. या पट्ट्यात चोरट्या वाळूउपशामुळे गावकरी आणि महसूल खाते दोघेही त्रस्त आहेत, आणि रात्री ओढ्याच्या पात्रात दिवे लावून उभ्या असलेल्या अनोळखी गाडीकडे ते संशयाने पाहणार हे स्वाभाविकच आहे. दहा मिनिटे गावात थांबून नमस्कार-चमत्कार केल्याने रात्र निर्धास्त जाते.

याच गप्पांत सर्वांत मोलाची माहिती मिळते. “आबा, रातच्याला ओढ्याकडंला थांबलं तर चालंल का?” असे एखाद्या वयस्क मेंढपाळाला विचारावे. “खाली वाळूत नगा थांबू, पाव्हणं. परवा वर पाऊस झालाय. त्या टेकाडावर जावा,” एवढे त्याचे उत्तर कोणत्याही उपकरणापेक्षा भरवशाचे समजावे आणि त्याने दाखवलेल्या टेकाडावरच जावे.

गाडीची तयारी

या सहलीसाठी नवी कोरी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी, असलीच पाहिजे असे नाही. मुरमाड माळापर्यंत चांगल्या टायरची बोलेरो सहज जाते. मात्र वाळू ओलांडायची किंवा पाण्यात उतरायचे असेल तर लो रेंज (संथ गतीत जादा जोर देणारे गिअर) असलेली थार, जिम्नी किंवा गुरखा यांसारखी गाडी हवी, आणि ती चालवणाऱ्याला टू एच (दोनच चाकांना ताकद), फोर एच (चारही चाकांना, नेहमीच्या गतीसाठी) आणि फोर एल (चारही चाकांना, लो रेंजमध्ये) या तीन स्थितींतील फरक हाताला माहीत हवा. फोर बाय फोरमध्ये टाकलेली अशी गाडी कोरड्या डांबरावर वळवू नये, पुढच्या-मागच्या चाकांच्या गतीतील फरकामुळे गिअरबॉक्सवर ताण येतो. गावाजवळच्या एखाद्या पाणंदीत, मालकाला विचारून, एक सकाळ सराव करावा. एकटी गाडी घेऊन जाऊ नये. दोन गाड्या असाव्यात, हा नियम पहिल्या वर्षी तरी मोडू नये.

सामानाची यादी लांबवण्यात अर्थ नाही, पण काही वस्तूंना पर्याय नाही: टायरमधील हवा मोजण्याचे गेज, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर, पंक्चरचे साहित्य, पूर्ण मापाची स्टेपनी, खोरे, जॅकखाली ठेवायला जाड फळी, ओढण्याचा पट्टा आणि तो गाडीला अडकवण्याच्या दोन लोखंडी कड्या (शॅकल). स्टेपनीतील हवा घरीच तपासावी. वेड्या बाभळीचा काटा टायरच्या बाजूच्या भिंतीतही आरपार शिरतो आणि तिथले पंक्चर रस्त्याकडेला नीट निघत नाही. ओढण्याचा हुक चासीला बोल्टने बसवलेला आहे की बंपरला नुसता वेल्ड केलेला आहे हे उद्यमनगरातील एखाद्या जाणत्या कारागिराकडून पाहून घ्यावे. ताणलेल्या पट्ट्यावर वेल्ड सुटला तर तो लोखंडाचा तुकडा गोळीच्या वेगाने येतो. त्यामुळे ओढताना बाकीच्या सर्वांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे राहावे आणि पट्टा कोणीही ओलांडू नये.

पाणी प्रत्येक माणसामागे दिवसाला पाच लिटर या हिशेबाने घ्यावे आणि त्यावर वीस लिटरचा एक जार जास्तीचा ठेवावा. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यावर जनावरे येतात आणि वरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांतील फवारणीचा अंशही त्यात असू शकतो. उकळल्याने जंतू मरतात, औषध जात नाही.

जमीन कशी पाहावी

घसरण्याचे, रुतण्याचे आणि मनस्तापाचे बहुतेक प्रसंग काळ्या जमिनीत घडतात. पावसानंतर चार दिवस ऊन पडले की काळ्या रानाच्या वरचा थर वाळून त्याला पापुद्रे सुटतात, बारीक भेगा दिसू लागतात आणि नवख्याला वाटते की जमीन कोरडी झाली. दोन बोटे खाली माती अजून लोण्यासारखी असते. चाक पापुद्रा फोडून आत जाते, टायरच्या खाचा भरतात, आणि खाचा भरलेला टायर गुळगुळीत टायरच होतो.

शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जमीन औताजोगी सुकल्याशिवाय, रानात औत घालत नाही. गाडीलाही तोच नियम लावावा. वाट जिथे काळ्या जमिनीतून जाते तिथे उतरावे, टाचेने वरचा थर बाजूला सारावा, वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यावी आणि दाबून तिचा गोळा करावा. गोळा कंबरेच्या उंचीवरून खाली टाकावा. तो फुटून विखुरला तर वाफसा आला आहे. तो चपटा होऊन तसाच राहिला, किंवा तळहाताला मेणचट लेप उरला, तर गाडी आत घालू नये, मग मुक्काम समोर दोनशे पावलांवर का दिसेना. दोन्ही गाड्या मुरमावर ठेवून सामान चालत नेणे हाच अशा वेळी योग्य मार्ग आहे. एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे: या दिवसांत शाळूची पेरणी झालेली असते आणि नुकते उगवलेले रान लांबून मोकळे दिसते. चाकांचे दोन पट्टे म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या वर्षभराच्या भाकरीवरून नेलेली गाडी होय. वाट सोडून कधीही शेतात उतरू नये.

मुरूम आणि खडकाळ माळावर टायरमधील हवा कंपनीने सांगितलेल्या ३० ते ३५ पीएसआयवरून २५ च्या आसपास आणावी. टायर दगडाला धरून बसतो आणि हादरे कमी होतात. वाळूसाठी १८ ते २० पर्यंत खाली यावे. पंधराच्या खाली नेल्यास वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेवर वेग ठेवू नये आणि डांबरी रस्ता लागताच पुन्हा हवा भरावी.

वाळूत शिरताना गिअर आधीच निवडावा, एकसारखी गती ठेवावी, ब्रेक न लावता ॲक्सिलरेटर सोडून थांबावे आणि थांबायचेच असेल तर उताराकडे तोंड करून थांबावे. चाक फिरू लागले आणि गाडी पुढे सरकत नसली तर त्याच क्षणी पाय काढावा. आणखी रेटल्याने फक्त खड्डा होतो. चारही चाकांपुढची वाळू खोऱ्याने ओढावी, पोटाखालची मोकळी करावी, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करावी, चाकांखाली रिकामी पोती घालावीत आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्यावी. दुसऱ्या गाडीनेही काम झाले नाही तर गावातून ट्रॅक्टर आणावा आणि शेतकऱ्याने संकोचाने नको म्हटले तरी डिझेल आणि वेळ यांचा मोबदला अवश्य द्यावा.

पाणी ओलांडताना

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. सुमारे तीस सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी लहान मोटारीची पकड सोडवू शकते आणि साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. जड गाडीही पाण्यात हलकी होते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे हे वरून दिसत नाही.

ओढ्याचे संथ, तळ दिसणारे पाणीही चालत जाऊन पाहिल्याशिवाय ओलांडू नये. हातात काठी घेऊन, पायांत बूट ठेवून, दोन्ही चाकांच्या रेषांवरून एकेकदा पलीकडे जावे. वाळू उपसलेले खड्डे पाण्याखाली झाकलेले असतात आणि घोट्याएवढे पाणी एका पावलात कंबरेएवढे होते, हे या भागातील खरे संकट आहे. पाणी चाकाच्या मध्याच्या वर जात असेल किंवा पायाला ओढ जाणवत असेल तर नवख्याने परत फिरावे. योग्य वाटल्यास फोर एलमध्ये, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये, माणूस भरभर चालतो त्या गतीने, काचा खाली घेऊन, मध्ये गिअर न बदलता जावे. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी शिरले असल्यास त्या एका प्रयत्नाने कनेक्टिंग रॉड वाकतो. पलीकडे गेल्यावर ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबून वाळवावेत.

मुक्कामाची जागा

नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेचारपर्यंत जागा पक्की झालेली असावी. पात्रातील पांढरी वाळू सपाट, मऊ आणि स्वच्छ असते, तंबूसाठी ती सर्वांत मोहक जागा असते, आणि तिथेच झोपू नये. काठावरच्या बाभळींकडे वर पाहावे. फांद्यांत अडकलेले पाचट, कडब्याच्या काड्या, फाटके प्लास्टिक आणि क्वचित एखादी चप्पल ज्या उंचीवर दिसेल, तिथवर या वर्षी पाणी येऊन गेले आहे. तंबू त्या रेषेच्या बराच वर, उघड्या मुरमाड उंचवट्यावर लावावा, आणि ओढा मध्यरात्री भरला तरी गाड्या डांबरी रस्त्याच्याच बाजूला राहतील हे पाहावे. उभा कापलेला मातीचा काठ खालून पोखरलेला असतो, त्याच्या कडेपासून दहा पावले दूर असावे. माळावर एकच उंच झाड असेल तर त्याखाली जाऊ नये. विजा चमकू लागल्यास तंबूतून उठून गाडीत बसावे आणि काचा बंद ठेवाव्यात.

उंचावर राहण्याचा आणखी एक फायदा आहे. थंड हवा रात्री उताराने वाहत पात्रात साठते, त्यामुळे खालच्या वाळूत पहाटे दवाने पांघरूण भिजते, तर पंधरा-वीस फूट वर ऊब जाणवते. पाण्यापासून पन्नास-साठ पावले दूर असल्याने कोल्हा, खोकड, ससे आणि पाण्यावर येणारे पक्षीही बुजत नाहीत. दिवाळीच्या सुमारास मेंढरांचे कळप पश्चिमेकडे निघण्याच्या तयारीत असतात. त्यांची पाण्यावर जाण्याची वाट तंबूने अडवू नये आणि राखणीच्या कुत्र्यांजवळ आपणहून जाऊ नये.

स्वयंपाक गॅसच्या लहान शेगडीवर करावा. वाळलेल्या कुसळी गवतात ठिणगी पडली तर माळ पेटायला वेळ लागत नाही आणि मेंढरांचा उन्हाळ्यापर्यंतचा चारा जळतो. शेकोटी हवीच असेल तर ती ओढ्याच्या उघड्या वाळूत, गुडघ्याइतकीच, पडलेल्या काटक्यांची करावी आणि झोपण्यापूर्वी पाण्याने विझवावी. वाळू टाकून झाकलेले निखारे तासन्‌तास आत धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी चालणाऱ्या गुराख्याच्या पोराचा पाय त्यावर पडतो. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राखेवर तळहात धरून खात्री करावी. जेवण साधे न्यावे: कडक भाकरी, कांदा-लसूण चटणी, पिठले आणि सकाळसाठी भडंग. रस्सा घरून नेऊन तापवला तर भांडी तेलकट होतात आणि ती ओढ्यात धुण्याचा मोह होतो. साबण पाण्यापासून पन्नास-साठ पावले दूर, मातीत जिरू द्यावा. शौचासाठीही पाण्यापासून तितक्याच अंतरावर वीतभर खड्डा काढून तो बुजवावा.

साप आणि विंचू

फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप या पट्ट्यात आहेत. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, दगड किंवा लाकूड उचलताना आधी काठीने हलवावे, तंबूची चेन सतत बंद ठेवावी आणि बूट सकाळी झटकून मगच घालावेत. दंश झाल्यास कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. अंगठी आणि घड्याळ काढावे, अवयव हलू न देता माणसाला आडवे ठेवून थेट रुग्णालय गाठावे आणि वाटेत १०८ क्रमांकावर कळवावे. आटपाडी आणि जत येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, मोठ्या उपचारांसाठी मिरजेचे शासकीय रुग्णालय आहे. लाल विंचवाचा दंश किरकोळ समजू नये. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही हृदयावर परिणाम होत असल्याची चिन्हे आहेत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे रुग्ण मोठ्या प्रमाणात वाचू लागले, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते आणि वेळेत पोहोचणे आपल्या हाती असते. म्हणून झोपण्यापूर्वी एक गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी करावी आणि तिची किल्ली कोठे आहे हे सर्वांना माहीत असावे.

परतताना

सकाळी तंबू काढल्यावर सर्वांनी एका ओळीत मुक्कामाची जागा चालून जावी आणि कागदाचा कपटाही उचलावा; आधीच्या कोणी टाकलेला कचरा दिसला तर तोही पोत्यात भरून न्यावा. पोलीस पाटलांना निघाल्याचे कळवावे. डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा भरून चाकांचे नट आणि गाडीच्या पोटाखाली अडकलेले गवत तपासावे, कारण सायलेन्सरला चिकटलेले वाळके गवत चालत्या गाडीत पेट घेऊ शकते.

दुपारी दोनपर्यंत परतीला लागावे. गळीत हंगाम सुरू झाला की मिरज ते कोल्हापूर रस्त्यावर अंधार पडताच उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय चालतात, आणि दोन दिवसांच्या थकव्यानंतर समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. हातकणंगले उजेडात ओलांडता येईल असाच वेळेचा हिशेब ठेवावा.